आगगाडी, खून आणि हसू : जुन्या हॉलिवूडचे तासाभराचे स्वस्त चित्रपट

कूपे_नंबर_चार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेले दोन महिने रात्री जेवणं आटोपली की माझं एकच काम चालू आहे. १९३२ ते १९५२ या काळातले अमेरिकन, कृष्णधवल, तासा-सव्वा तासाचे आणि बहुतेक सगळे आगगाडीत घडणारे चित्रपट शोधून बघणं. कुठे खून, कुठे हिऱ्याची चोरी, कुठे पळवलेलं मूल, आणि त्याच्या जोडीला पोटभर हसू. यावर मराठीत कुणी सलग लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. मंदीच्या काळात अमेरिकेतल्या थिएटरवाल्यांनी एका तिकिटात दोन चित्रपट द्यायला सुरुवात केली. पहिला मोठ्या नटनट्यांचा, दुसरा छोटा, ज्याला 'बी पिक्चर' म्हणत. मोठ्या चित्रपटाच्या गल्ल्यात स्टुडिओला टक्केवारी मिळे. छोट्याचं भाडं मात्र आधीच ठरलेलं असे. चालला काय, पडला काय, हातात येणारी रक्कम तीच. मग खर्च त्या रकमेच्या आत बसवणं आलं.

आणि खर्च आत बसवायचा तर आगगाडीसारखी जागा नाही! स्टुडिओत एका डब्याचा सेट लावायचा. पडदे आणि दिवे बदलले की तोच डबा जेवणाचा, तोच झोपण्याचा. खिडकीबाहेर मागच्या पडद्यावर आधी चित्रित केलेली पळती झाडं सोडायची. मधूनमधून गोदामात पडून असलेली इंजिनाची जुनी दृश्यं जोडायची. पात्रं कुठे पळून जाऊ शकत नाहीत, गाडी पोहोचायची वेळ ठरलेली. म्हणजे कथेला भिंतीही आयत्या मिळाल्या आणि घड्याळही.

पण माझं म्हणणं एवढ्यावर संपत नाही. हे चित्रपट स्वस्त असूनही चांगले आहेत असं लोक म्हणतात. मला वाटतं, ते स्वस्त आहेत *म्हणून* चांगले आहेत. गुन्ह्याला आडोसा लागतो. डब्यात आडोसाच नसतो. पॅसेज इतका चिंचोळा की समोरून कुणी आलं तर अंग चोरून भिंतीला चिकटावं लागतं. पडद्याआड कुणी घोरतंय, दाराआड कुणी भांडतंय, आणि प्रत्येकाला प्रत्येकाचं ऐकू येतंय. जिथे काहीच लपत नाही तिथे सगळेच काहीतरी लपवायला धडपडतात. भीती आणि विनोद दोन्ही त्याच धडपडीतून निघतात. पैसे जास्त असते तर दिग्दर्शक गाडीतून खाली उतरला असता, आणि सगळी मजा तिथेच संपली असती.

एक प्रसंग जरा जवळून सांगतो. 'टेरर बाय नाइट' (१९४६, युनिव्हर्सल). बेसिल रॅथबोन शेरलॉक होम्सच्या भूमिकेत, नायजेल ब्रूस वॉटसनच्या, दिग्दर्शक रॉय विल्यम नील. बरोब्बर तासाभराचा चित्रपट. लंडनहून एडिंबरोला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीत एक मोठा हिरा आहे, त्यापायी खून पडतो, आणि वॉटसन स्वतःहून चौकशीला निघतो. एका डब्यात एक मध्यमवयीन नवरा-बायको बसलेत. दोघं अस्वस्थ, नजर चुकवतायत. वॉटसन ताठ होतो, आवाज चढवतो, त्याची खात्रीच पटते की चोर सापडला. शेवटी त्यांचा धीर सुटतो आणि कबुली मिळते : त्यांनी हॉटेलातून चहाची किटली लांबवलेली असते! पुढच्या कूपेत गणिताचा प्राध्यापक आहे, तो उलट वॉटसनलाच प्रश्न विचारून आरोपी करून सोडतो. या दोन प्रसंगांना खर्च किती? दोन बाकं, एक दार, चार नट. पण तेवढ्यात दिसतं की गाडीतला प्रत्येक माणूस थोडा थोडा चोर आहे. होम्सच्या या मालिकेतले चार चित्रपट अमेरिकेत स्वामित्वहक्काबाहेर गेलेत, त्यांतला हा एक, त्यामुळे सहज बघायला मिळेल.

दुसरा माझा लाडका म्हणजे 'ब्रॉडवे लिमिटेड' (१९४१, हॅल रोच). लॉरेल-हार्डीवाले तेच हॅल रोच. एका नटीची प्रसिद्धी व्हावी म्हणून तिच्या दिग्दर्शकाला तिच्या कडेवर एक बाळ हवं असतं. बाळ मिळवण्याचं काम येतं इंजिन ड्रायव्हरकडे. तो कुठून तरी बाळ आणतो, गाडी सुटते, आणि मग बातमी थडकते की एक मूल पळवलं गेलंय. आता हे बाळ तेच की काय? तिथून पुढे ते बाळ या कूपेतून त्या कूपेत, आणि फिरून परत यांच्याच गळ्यात. ड्रायव्हर झालाय व्हिक्टर मॅक्लॅग्लन. १९३५ च्या 'द इन्फॉर्मर'साठी उत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळवलेला माणूस इथे बाळ कुठे ठेवायचं या विवंचनेत घामाघूम झालेला बघणं हा मोठा आनंद आहे. सोबत पॅट्सी केली आणि झझू पिट्स.

तिसरा, 'मर्डर इन द प्रायव्हेट कार' (१९३४, एमजीएम). टेलिफोन एक्स्चेंजवर काम करणाऱ्या मुलीला कळतं की आपण एका रेल्वेमालकाची हरवलेली लेक आहोत. वडिलांना भेटायला ती खाजगी डब्यातून निघते, आणि वाटेत जीव घेण्याच्या धमक्या. चार्ली रगल्स त्यात गोडफ्री स्कॉट आहे. तो सांगतो, मी डिटेक्टिव्ह नाही, डिफ्लेक्टर आहे. गुन्हा घडल्यावर शोध लावून काय उपयोग, घडण्याआधीच तो वळवायचा! त्यात सर्कशीतून सुटलेला गोरिला आहे, आणि शेवटी गाडीपासून तुटून उतारावरून सुटलेला डबा. मूळ 'द रिअर कार' हे नाटक. त्यावरच १९२३ चा 'रेड लाइट्स' हा मूकपटही निघाला होता.

तुम्ही यातलं काय पाहिलंय? कुठला राहिला? भरभरून लिहा.

---

चहा_बिनसाखर

वाखूसा (वाचनखूण साठवली). किटलीचा प्रसंग वाचून लगेच लावला आणि बघितला. वॉटसनचा चेहरा पडतो तो क्षण दोनदा मागे नेऊन पाहिला. असेच धागे येऊ द्यात.

---

यार्डमास्तर

धागा आवडला. मी रेल्वेत गार्ड होतो, उभी नोकरी घाटात गेली. त्यामुळे हे चित्रपट बघताना माझी नजर आधी चाकांकडे जाते.

सुटलेल्या डब्याबद्दल थोडं. लोकांना वाटतं कपलिंग तुटलं की डबा गडगडत सुटला. तसं होत नाही. अमेरिकेत वेस्टिंगहाउसचा एअर ब्रेक, आपल्याकडे पूर्वी व्हॅक्यूम होता, पण तत्त्व एकच : गाडी मध्येच तुटली की नळी सुटते, दाब बिघडतो आणि दोन्ही भागांना आपोआप ब्रेक लागतो. म्हणजे खलनायकाने नुसतं कपलिंग काढून भागत नाही, ब्रेकची वाट आधीच लावून ठेवावी लागते. किंवा डबा बराच वेळ उभा राहिला आणि हवा हळूहळू गळून ब्रेक सैल पडला, तर धोका. म्हणून तर हँडब्रेक आणि चाकाखाली गुटके. आमच्या बोरघाटात चढ ३७ ला १. तिथे उताराला कॅच सायडिंग ठेवलेत, सुटलेली गाडी वर चढणाऱ्या रुळावर वळवून थांबवायला. चार्ली रगल्सच्या त्या डिफ्लेक्टरचं काम तिथे रूळ करतात!

दुसरं, या चित्रपटांत इंजिन दर दृश्याला बदलतं. सुटताना एक, पुलावर दुसरं, स्टेशनात शिरताना तिसरंच. गोदामातली जुनी दृश्यं जोडल्याचा परिणाम. 'ब्रॉडवे लिमिटेड'मध्ये मात्र पेनसिल्व्हेनिया रेलरोडची अस्सल गाडी आणि त्यांचं के-४ जातीचं इंजिन बघायला मिळतं. ही गाडी न्यूयॉर्क-शिकागो धावायची, १९३८ पासून १६ तासांत. त्याच मार्गावर अल्टूनाजवळ हॉर्सशू कर्व्ह आहे, डोंगराला घोड्याच्या नालेसारखं वळण. ते १८५४ चं. आपला बोरघाट १८६३ चा. दोन्हीकडे डोंगराने इंजिनियरांना सारखंच छळलं.

---

हडसनकाठ

वा! मी न्यू जर्सीत राहतो, त्यामुळे एका चित्रपटाचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही : 'द सिल्क एक्सप्रेस' (१९३३, वॉर्नर). दिग्दर्शक रे एनराइट, नायक नील हॅमिल्टन. सिएटलला जहाजातून उतरलेलं जपानी कच्चं रेशीम न्यूयॉर्कला वेळेत पोहोचवायचंय, कारण एका साठेबाजाने बाजार दाबून धरलाय. गाडीत खून पडतात. गाय किबी रेल्वेचा डिटेक्टिव्ह आणि अ‍ॅलन जेनकिन्स फुकट्या भटक्या, हसू या दोघांच्या वाट्याला. शिवाय गाडीत एक प्राध्यापक आहे, आजाराने अंग लुळं पडत चाललेला, आणि डोकं चालवून गुंता सोडवतो तो हाच. न हलणारा हुशार माणूस पळत्या गाडीत. कल्पनेला दाद द्यावी तेवढी थोडी.

यातलं रेशमी गाड्यांचं प्रकरण मात्र शंभर टक्के खरं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून १९३० च्या दशकापर्यंत अशा खास गाड्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्वेला धावत. रेशीम महाग, त्यावरचा विमा आणि व्याज वेळेवर चढत जाणारं, आणि भाव रोज खाली-वर. म्हणून या गाडीला वाट करून द्यायला प्रवासी गाड्याही बाजूला उभ्या करत. डबे सीलबंद, बरोबर पहारा. १९२९ नंतर रेशमाचे भाव कोसळले, कृत्रिम रेशीम आलं, पनामा कालव्यातून जहाजाने माल नेणं स्वस्त पडू लागलं, आणि या गाड्या संपत गेल्या. म्हणजे १९३३ मध्ये चित्रपट आला तेव्हा हा धंदा शेवटच्या घटका मोजत होता.

रेशमाचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे आमच्या इथलं पॅटर्सन. त्याचं नावच 'सिल्क सिटी'. तिथल्या गिरण्या बघायला गेलो होतो. गावातलं संग्रहालय ज्या इमारतीत आहे तो पूर्वी रॉजर्सचा आगगाडीची इंजिनं जुळवण्याचा कारखाना होता. बस्टर कीटनच्या १९२६ च्या चित्रपटामागचं खरं 'जनरल' इंजिन १८५५ मध्ये याच रॉजर्सने बांधलं. उंच छत, विटांच्या भिंती. एकाच गावात रेशीम आणि इंजिन. 'सिल्क एक्सप्रेस' मी त्यानंतर पाहिला आणि मला तो घरचा वाटला.

---

काळी_मांजर

धाग्यात 'द नॅरो मार्जिन' (१९५२, आरकेओ) नसेल तर धागा अपुरा आहे. रिचर्ड फ्लायशर, १३ दिवसांत चित्रीकरण, ७१ मिनिटं. चार्ल्स मॅग्रॉ पोलीस, मरी विंडसर ही गुंडाची विधवा, तिला साक्षीसाठी शिकागोहून लॉस एंजेलिसला न्यायचंय आणि मारेकरी त्याच गाडीत. पार्श्वसंगीत जवळपास नाहीच, फक्त गाडीचा आवाज. वेळ आणि पैसा वाचवायला डब्याचा सेट हलवायचाच नाही असं ठरलं. सेट जमिनीला घट्ट, आणि हलतो कॅमेरा, हातात धरलेला. बघताना मात्र डबाच डुलतोय असं वाटतं.

आता तुमच्या मुद्द्याकडे. मला तो अर्धाच पटतो. तुम्ही म्हणता चिंचोळेपणातून विनोद निघतो. या चित्रपटात तोच पॅसेज आहे, पण हसू येत नाही, छातीत धडधडतं. म्हणजे डबा विनोदी नसतो, नट विनोदी असतात. गाय किबी, चार्ली रगल्स, झझू पिट्स यांना पोस्टात उभं केलं असतं तरी लोक हसलेच असते.

---

कूपे_नंबर_चार

काळी_मांजर, 'नॅरो मार्जिन' मुद्दाम मागे ठेवला होता, कारण तो विनोदी नाही. पण त्यातला तो जाडा गृहस्थ आठवा. पॅसेजमध्ये आडवा येतो, मॅग्रॉला पलीकडे जायची घाई, आणि दोघं एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. वर तो म्हणतो की जाड्या माणसावर त्याचा वाणी आणि शिंपी सोडून कुणी प्रेम करत नाही. आणि तो लहान मुलगा, जो पोलिसालाच दरोडेखोर समजून आरडाओरडा करतो. इतक्या कडक चित्रपटातही फ्लायशरला हसू आवरता आलं नाही, आणि ते आलं कुठून? पॅसेजमधूनच. पोस्टात तो जाडा माणूस बाजूला सरकला असता. गाडीत त्याला सरकायला जागाच नाही.

नटांबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के मान्य. हे सगळे स्टुडिओच्या पगारावरचे सहनट, महिन्यात दोन-दोन चित्रपटांत दिसणारे. प्रेक्षक त्यांना चेहऱ्याने ओळखत. पात्राची ओळख करून देण्यात पाच मिनिटं जात नसत, अ‍ॅलन जेनकिन्स दिसला की काम झालं.

यार्डमास्तर काका, ब्रेकचा मुद्दा लाख मोलाचा. आता तो शेवट पुन्हा बघतो.

---

पडद्याआड

अजून काही नावं. 'स्लीपर्स वेस्ट' (१९४१, फॉक्स) : लॉइड नोलन हा मायकेल शेन, डेन्व्हरहून सॅन फ्रान्सिस्कोला एका साक्षीदार बाईला लपवून नेतोय, आणि त्याची जुनी मैत्रीण, जी वार्ताहर आहे, नेमकी त्याच गाडीत. 'नॅरो मार्जिन'च्या आधी ११ वर्षं जवळपास हाच मामला हसतखेळत सांगून झाला होता. यातला एक धागा सुंदर आहे : संसार सोडून निघालेला एक साधा माणूस आणि ती साक्षीदार बाई यांची ओळख. दोघं एकमेकांना खरं काही सांगत नाहीत, तरी रात्रभरात जवळ येतात. रहस्य विसरायला होतं, ही दोघं लक्षात राहतात.

'फ्लोरिडा स्पेशल' (१९३६, पॅरामाउंट), जॅक ओकी, दागिन्यांची चोरी. ठीकठाक.

'स्ट्रीमलाइन एक्सप्रेस' (१९३५, मॅस्कॉट). ही गरीब कंपनी, पण स्वप्न केवढं : न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाला २० तासांत जाणारी एकरुळी गाडी! कथा मात्र दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सच्या 'ट्वेंटिएथ सेंचुरी' (१९३४) वरून बेतलेली, पळून निघालेली नटी आणि मागे लागलेला दिग्दर्शक.

'ग्रँड सेंट्रल मर्डर' (१९४२, एमजीएम) : खून स्टेशनात उभ्या असलेल्या खाजगी डब्यात. गाडी धावत नाही म्हणून मी तो तुमच्या यादीत धरणार नाही.

आणि 'लेडी ऑन अ ट्रेन' (१९४५, युनिव्हर्सल). डीना डर्बिन गाडीच्या खिडकीतून खून पाहते आणि कुणाचा विश्वास बसत नाही. फार गोड चित्रपट. पण गाडी सुरुवातीलाच संपते, आणि डर्बिन त्या काळातली भारी मानधनाची तारका, त्यामुळे स्वस्तात बसत नाही.

---

सुईदोरा

सगळ्यांचे प्रतिसाद आवडीने वाचले. पण एका माणसाचं नाव अजून कुणी काढलं नाही, आणि अमेरिकन गाड्यांच्या या बहुतेक चित्रपटांत तो आहे. पुलमन डब्यातला पोर्टर.

झोपण्याचे डबे चालवणारी अमेरिकेतली पुलमन कंपनी या कामावर मुख्यतः कृष्णवर्णीय पुरुषांना ठेवत असे. रात्री समोरासमोरची बाकं जोडून खालचा बर्थ करायचा, छताला दुमडलेला वरचा बर्थ उघडायचा, चादरी घालायच्या, हिरवे पडदे लावायचे. लोक झोपले की त्यांचे बूट गोळा करून पॉलिश करायचे आणि पहाटेच्या आत जागच्या जागी ठेवायचे. महिन्याला ४०० तास काम, पगार तुटपुंजा, भिस्त बक्षिसीवर. प्रवासी त्यांना सरसकट 'जॉर्ज' म्हणत, कंपनीचा संस्थापक जॉर्ज पुलमन म्हणून. जणू नोकराला स्वतःचं नाव नसतंच.

याच माणसांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली आणि १२ वर्षं झगडून १९३७ मध्ये कंपनीला करारावर आणलं. मॉंटगोमेरीच्या वर्णभेदाविरुद्धच्या १९५५ च्या बस बहिष्काराच्या संघटकांपैकी ई. डी. निक्सन हे पुलमन पोर्टरच. म्हणजे 'ब्रॉडवे लिमिटेड' आणि 'स्लीपर्स वेस्ट' आले तेव्हा खऱ्या गाडीतला पोर्टर संघटित कामगार होता. पडद्यावर मात्र तो डोळे विस्फारणारा, भुताला घाबरणारा, अडखळत बोलणारा. 'मर्डर इन द प्रायव्हेट कार'मध्ये तर हे बघवत नाही.

आणि मला सर्वांत जास्त टोचतं ते वेगळंच. रहस्यकथा म्हणून विचार करा. कुणाचा बर्थ रात्रभर रिकामा होता, कुणाच्या बुटाला चिखल होता, कोण दोनदा उठून पॅसेजमध्ये गेलं, हे सगळं ठाऊक असलेला गाडीत एकच माणूस आहे. सगळे डिटेक्टिव्ह, वार्ताहर, प्राध्यापक गुन्हा शोधत फिरतात, आणि ज्याच्या हातात रात्री प्रत्येकाचे बूट होते त्याला कुणी एक प्रश्न विचारत नाही.

---

चहा_बिनसाखर

सुईदोरा, मुद्दा समजला, पण ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या चित्रपटाला आजची फूटपट्टी लावावी का? त्या काळी सगळेच तसं दाखवत होते.

---

सुईदोरा

आजची फूटपट्टी नाहीच लावत. त्या काळचीच लावतेय. संघटनेचे लोक त्याच वर्षांत 'आम्ही जॉर्ज नाही' म्हणून सांगत होते. पटकथा लिहिणारे त्याच गाड्यांतून न्यूयॉर्क-शिकागो-लॉस एंजेलिस करत होते, आणि त्यांचे बूट सकाळी चकचकीत मिळत होते. चित्रपट बघू नका असं मी म्हणत नाही. मीही बघते, वॉटसनच्या किटलीवर मीही हसले. पण बघताना तो माणूस दिसला पाहिजे.

---

कूपे_नंबर_चार

ताई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. मी एवढे चित्रपट पाहिले, एवढं लिहिलं, आणि पोर्टरबद्दल धाग्यात एक ओळ नव्हती. तुमचं म्हणणं पूर्ण मान्य, आणि त्याने माझा मुद्दा पुढे जातो. डब्यात काही लपत नाही असं मी म्हणालो. ज्याच्यापासून खरंच काही लपत नव्हतं, त्याची नजर या चित्रपटांनी वापरलीच नाही. काल 'स्लीपर्स वेस्ट' पुन्हा लावला तेव्हा नायकाकडे न बघता पॅसेजच्या टोकाकडे बघत होतो. फरक पडतो, फार पडतो.

---

परळचा_जुना

इथे आपल्या मुंबईचं नाव यायलाच हवं. 'मिस फ्रंटियर मेल', १९३६, वाडिया मूव्हीटोन, दिग्दर्शक होमी वाडिया, नायिका नादिया. रेल्वेत घातपात करणारी टोळी, तिचा म्होरक्या 'सिग्नल एक्स', आणि धावत्या गाडीच्या टपावर मारामारी करणारी बाई. अमेरिकन मालिकापटांचा वाडिया बंधूंवर प्रभाव होता, आणि तिकडेही मॅस्कॉटच्या 'द हरिकेन एक्सप्रेस' (१९३२, १२ भाग, तरुण जॉन वेन) मध्ये आगगाड्यांना अपघात घडवणारा असाच एक छुपा खलनायक आहे.

पण एक मोठा फरक. हॉलिवूडवाले गाडी स्टुडिओत आणत होते, आणि आपले लोक कॅमेरा घेऊन गाडीवर चढत होते. मागच्या पडद्यावर पळती झाडं दाखवण्याऐवजी नादिया खऱ्या टपावर उभी. कमी पैशांतला चित्रपट दोन्हीकडे, पण तिथे पैसा वाचला तो डब्यात कोंडून घेतल्यामुळे आणि इथे जिवावर उदार झाल्यामुळे. वाडियांचा स्टुडिओ परळला लवजी कॅसलमध्ये होता, पुढे त्याच जागी शांतारामबापूंचं राजकमल उभं राहिलं. त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

---

यार्डमास्तर

परळकर, नादियाबाईंना मनापासून सलाम. चालत्या गाडीच्या टपावर तोल सांभाळणं काय असतं ते मला विचारा. डबा दोन्ही अंगांना डुलतो आणि वळणावर एकदम बाहेर फेकतो. रुळांच्या जोडावर जो ठोका बसतो तो पायातून थेट दातांपर्यंत येतो.

काल 'मर्डर इन द प्रायव्हेट कार' संपूर्ण पाहिला, सौ. आणि नातू सोबत होते. ब्रेकचं सगळं शास्त्र माहीत असूनही शेवटच्या दहा मिनिटांत मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो होतो. नातवाने विचारलं, आजोबा डिफ्लेक्टर म्हणजे काय? मराठीत काय सांगू सुचेना.

---

पडद्याआड

'गुन्हेवारक' कसं वाटतं? विघ्नहर्त्याच्या चालीवर 'गुन्हेहर्ता' पण चालेल, पण ते फार देवळातलं होतं.

---

सुईदोरा

नातवाला सांगायचं तर 'गुन्हेवळव्या'. काका, तुमच्या कॅच सायडिंगसारखंच काम ना त्याचं? येणारं संकट दुसऱ्या रुळावर वळवायचं.

---

यार्डमास्तर

गुन्हेवळव्या! झकास. नातवाला लगेच पटला.

---

हडसनकाठ

धागाकर्ते, पुढचा धागा रेशमी गाड्यांवर मी काढतो, पॅटर्सनच्या कारखान्याचे फोटो टाकतो. एकच शंका आहे, यार्डमास्तर काकांना. सीलबंद डब्यात माणूस शिरतो कसा? सील तुटलेलं तर लगेच दिसेल ना?

---

यार्डमास्तर

दाराच्या कडीतून तार ओवून तिला शिशाची गोळी लावतात आणि पक्कडीने दाबून तिच्यावर ठसा उमटवतात. माझ्या काळी प्रत्येक सीलचा नंबर गार्डच्या वहीत टिपलेला असे आणि जिथे गाडी थांबेल तिथे कंदील धरून तो पडताळायचा. जुनं सील तोडून नवं लावता येतं, पण नंबर जुळत नाही. तेव्हा गोष्ट रचणार असाल तर गुन्हेगाराला आधी माझी वही चोरायला लावा.